गॅसचा वास आला: आधी काय, मग काय

कोथरूडमधल्या एका सोसायटीत मॉक ड्रिल घेताना मी एवढंच म्हणालो, "समजा, तिसऱ्या मजल्यावर गॅसचा वास येतोय. करा काय करायचं ते." पहिल्याच मिनिटाला एका काकांनी स्वयंपाकघरात जाऊन एक्झॉस्ट फॅन लावला. वॉचमन जिना चढत प्रत्येक दाराची बेल वाजवू लागला. चौथ्या मिनिटाला सोसायटीच्या ग्रुपवर 'कोणाकडे वास येतोय का?' असा मेसेज पडला आणि त्यावर आठ अंगठे उगवले. अग्निशमन दलाचा नंबर लावायचं अकराव्या मिनिटापर्यंत कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

हेतू सगळ्यांचा चांगलाच होता, चुकला तो क्रम. दुसरी चूक त्याहून महाग पडते: एका गॅसचा नियम दुसऱ्या गॅसला लावणं. घरात सिलिंडर गळत असेल तर खिडक्या उघडायच्या असतात. रस्त्यावर क्लोरीन सुटला असेल तर त्याच खिडक्या घट्ट लावायच्या. हे दोन नियम डोक्यात एकमेकांत मिसळले की माणूस नेमकं उलटं करतो.

टप्पा १: आजच उरकायची तयारी

आपल्याकडचा गॅस कोणता, हे आधी समजून घ्या. सिलिंडरमधला एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड असतो. गळला की तो फरशीवर पाण्यासारखा पसरतो, जिना उतरतो, मोरीच्या जाळीतून खाली जातो आणि पार्किंगमध्ये साचतो. विजेचे मीटर बहुतेक सोसायट्यांत त्याच पार्किंगमध्ये असतात. पाइपने येणारा पीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, म्हणून छताखाली, माळ्यावर, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत जमतो. एलपीजी हवेत साधारण २ टक्के झाला तरी पेटू शकतो. मिथेनला ५ टक्के लागतात. म्हणून एलपीजीच्या घरात जमिनीपर्यंत उघडणारं गॅलरीचं दार महत्त्वाचं, पीएनजीच्या घरात खिडकीची वरची झडप.

मग गॅस बंद कुठून होतो, ते हाताने करून बघा. पीएनजीला एक कॉक शेगडीजवळ असतो आणि एक मीटरपाशी. दांडा पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवा असेल तर बंद. मॉड्युलर किचन करताना सुतार हा कॉक ट्रॉलीमागे झाकून टाकतात. ट्रॉली बाहेर ओढल्याशिवाय हात पोचत नसेल, तर तो कॉक अडचणीच्या वेळी नसल्यातच जमा. त्याच सुताराला बोलावून फळीला खिडकी पाडून घ्या.

सिलिंडरवाल्यांनी दोरीला बांधलेली प्लास्टिकची टोपी फेकायची नाही. वास सिलिंडरच्या तोंडातूनच येत असेल, तर रेग्युलेटर काढून हीच टोपी 'कट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवायची असते. मी दहा घरांत विचारतो तेव्हा सहा घरांत ती सापडत नाही. नळी आयएसआय मार्काची सुरक्षा होज हवी आणि ५ वर्षांनी बदललेली हवी. सिलिंडरच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर 'बी-२७' असं काहीतरी रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं डीपर्यंत. पुढचा आकडा वर्षाचा. ती मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करा.

नंबर कागदावर लिहा: अग्निशमन १०१, सर्व आपत्कालीन सेवा ११२, रुग्णवाहिका १०८, एलपीजी गळतीसाठी १९०६. पाइप गॅस असेल तर बिलावरचा आपत्कालीन नंबरही लिहा. हा कागद फ्रिजवर चिकटवायचा नाही, घराच्या दाराबाहेर लावायचा. गळती झाल्यावर तुम्ही फ्रिजपाशी असताच कामा नये.

कारखान्यांसाठी एक गोष्ट. भोसरीतल्या एका युनिटमध्ये पाठीवरच्या हवेच्या टाकीचे दोन संच होते, नवेकोरे, सील न फोडलेले. ठेवले होते अमोनिया कॉम्प्रेसरच्या खोलीत, आतल्या भिंतीला. गळती झाली तर ते आणायला कोण जाणार, या प्रश्नाला उत्तर आलं नाही. संच धोक्याच्या खोलीबाहेर ठेवा. गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी लावा आणि जमायच्या जागा दोन ठरवा, एकमेकींच्या विरुद्ध दिशांना. एकच जागा ठरवलीत आणि वारा तिकडेच वाहत असेल, तर सगळी माणसं ढगात नेऊन उभी कराल.

तपासा: घरातल्या सर्वांत लहान कळत्या मुलाला आणि सर्वांत वयस्कर माणसाला कॉक बंद करता येतो का?

टप्पा २: एकच प्रश्न, वास आतला की बाहेरचा?

गळती कुठे आहे ते शोधत बसू नका. ते नंतरचं काम, आणि बहुधा तुमचं नाहीच. आधी एवढं ठरवा. उगम घरात असेल तर उघडा आणि बाहेर पडा: टप्पा ३. उगम बाहेर असेल तर बंद करा, किंवा आडव्या वाऱ्याने दूर जा: टप्पा ४.

नाकाच्या भरवशावर फार राहू नका. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम मिसळलेला असतो. गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. "आता वास गेला" म्हणून माणसं चेंबरमध्ये वाकतात ती त्याच वेळी. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

टप्पा ३: गळती घरात असेल तर

१. ज्योत विझवा. शेगडी तर आहेच, पण देवापुढची समई आणि उदबत्तीही. घाईत देवघर हमखास विसरलं जातं.

२. रेग्युलेटर किंवा कॉक बंद करा, पण हात सहज पोचत असेल तरच. फुसफुस मोठी असेल, डोळे चुरचुरत असतील, तर हा टप्पा सोडून बाहेर पडा.

३. विजेचं जे चालू आहे ते चालू राहू द्या, बंद आहे ते बंद. बटण बंद करतानाही ठिणगी पडते. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन स्विच पाडू नका: वीज जाताच इन्व्हर्टर स्वतःहून जोडला जातो आणि त्या क्षणी त्याच्या आत ठिणगी पडू शकते. फ्रिजही मनाला येईल तेव्हा चालू-बंद होतो, त्यावर तुमचा ताबा नाही. घरात रेंगाळायचं नाही याचं खरं कारण हे.

४. दारं-खिडक्या उघडत बाहेर या. यासाठी मागे वळून दुसऱ्या खोलीत जायचं नाही, वाटेत येतील तेवढीच.

५. शेजाऱ्यांची दारं मुठीने वाजवा, बेल नाही. उतरायचं जिन्याने, लिफ्टने नाही.

६. फोन इमारतीबाहेर आल्यावर. मोबाइलचा टॉर्चही आत लावू नका.

इशारा: सिलिंडर गळत असेल तर पार्किंगमधली स्कूटर 'बाहेर काढून ठेवतो' म्हणून चालू करू नका. गॅस तोपर्यंत तिथे पोचलेला असू शकतो.

सिलिंडर उचलून उघड्यावर नेता आला तर उत्तम, पण उभाच. आडवा केला की वायूऐवजी द्रव बाहेर पडतो, आणि तो द्रव वायू होताना सुमारे अडीचशे पट फुगतो.

बाथरूमची गोष्ट वेगळी. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये लावला की ऑक्सिजन संपत जातो, ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पुण्याच्या थंडीत खिडकी लावून आंघोळी लांबतात, तेव्हा हे सगळं जुळून येतं. आतला माणूस हाकेला ओ देत नसेल तर क्रम असा: गीझरचा गॅस बाहेरून बंद, दार सताड उघडं, माणूस ओढून मोकळ्या हवेत. गीझर बाथरूमबाहेर हवेशीर जागी लावणं हाच उपाय. 'दाराला फट ठेवतो' हा उपाय नाही.

आणि साफसफाई. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यावर ब्लीच ओतलं की क्लोरीन सुटतो. 'डाग जात नाहीत म्हणून दोन्ही टाकलं' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता दर ड्रिलमध्ये सांगतो. असं झालं तर श्वास धरून बाहेर या आणि दार उघडं ठेवा. पाणी ओतायला परत आत जाऊ नका.

टप्पा ४: ढग बाहेर असेल तर

टँकर उलटतो, बर्फाच्या कारखान्यात किंवा दूध शीतकरण केंद्रात अमोनिया सुटतो, पोहण्याच्या तलावाच्या खोलीत क्लोरीन गळतो. अशा वेळी पहिल्यांदा वारा बघा. ध्वज, धूर, दोरीवरचे कपडे, झाडाचा शेंडा, काहीही चालेल. पावसाळ्यात पुण्याचा वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, पण अंदाजावर जाऊ नका, दोन बिल्डिंगांच्या मधल्या बोळात तो उलटाही फिरतो. हिवाळ्यातल्या पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा थंड हवा उताराने ओढ्याकडे, नदीकडे सरकते. जड वायूही त्याच वाटेने जातो. म्हणून पळताना नदीकाठचा रस्ता धरायचा नाही, चढाची बाजू धरायची.

वारा पाठीवर घेऊन पळालात तर ढग तुमच्यासोबत येईल. वाऱ्यात तोंड घालून पळालात तर उगमाशी पोचाल, तो समोर असेल तर. म्हणून वारा गालावर घेऊन चाला, आडवे. बाजूला निघालात की मग वारा जिकडून येतो त्या अंगाला वळा.

अंतर किती? टँकरमधून ज्वलनशील गॅस गळत असेल तर सर्व बाजूंनी किमान १०० मीटर, मोठी गळती असेल तर वारा जातो त्या दिशेला ८०० मीटर. टँकरच आगीत असेल तर चारही बाजूंनी १६०० मीटर, म्हणजे दीड किलोमीटरहून जास्त. व्हिडिओ काढणारे सहसा ५० मीटरवर उभे असतात.

टँकरवरच्या फलकावर चार आकडी यूएन क्रमांक असतो: १०७५ एलपीजी, १९७१ सीएनजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. जवळ जाऊन वाचू नका, मोबाइलचा कॅमेरा झूम करून लांबूनच वाचा. १०१ वर हा आकडा सांगितलात तर येणारी गाडी तयारीने येते.

बाहेर पडायला वेळच नसेल तर घरात थांबा. खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट बंद करा, दाराखालच्या फटीत ओले टॉवेल कोंबा. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, म्हणून वरचा मजला बरा. अमोनिया हवेपेक्षा हलका, पण द्रवरूपात गळला की थंडगार धुकं होऊन जमिनीलगत पसरतो. 'वर निघून जाईल' म्हणून थांबू नका. तोंडावरच्या ओल्या फडक्याने अमोनियाचा थोडा दाह कमी होतो, ढगातून दहा-वीस पावलं बाहेर पडायला एवढंच. ते फडकं बांधून कोणाला वाचवायला आत जायचं नाही.

इशारा: गळणाऱ्या क्लोरीन सिलिंडरवर पाणी मारू नका. आम्ल तयार होतं, ते धातू खातं आणि भोक मोठं होतं. अमोनियाच्या ढगावर पाण्याचा फवारा उपयोगी पडतो, पण ते काम दलाच्या जवानांचं. जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियात पाणी पडलं तर तो आणखी उसळतो.

टप्पा ५: फोनवर काय बोलायचं

"लवकर या, गॅस लीक झालाय" एवढं सांगून फोन ठेवतात आणि गाडी चुकीच्या गल्लीत घुसते. या क्रमाने बोला: पत्ता आणि जवळची ओळखीची खूण, गॅस कोणता, किंवा वास कसा, पेटलाय का, आत किती माणसं, वारा कुठून कुठे, गाडीने कोणत्या बाजूने यावं. शेवटचं वाक्य पेठांमध्ये फार मोलाचं. कसब्यातल्या बोळात दोन्हीकडे दुचाकी लागलेल्या असतात, मोठी गाडी आत वळत नाही. एका माणसाला मुख्य रस्त्यावर उभं करा आणि चौघांना दुचाकी हलवायला लावा. गाड्या ढकलायच्या, चालू करायच्या नाहीत.

टप्पा ६: कोणी आत कोसळलं असेल तर

इथे थोडा वेळ थांबून वाचा, कारण एकामागून एक माणसं इथेच जातात. २०२२ च्या मार्चमध्ये लोणी काळभोरजवळ कदमवाकवस्तीत मैलाटाकी साफ करताना चौघांचा जीव गेला. अशा घटनांचा साचा तोच असतो: पहिला आत कोसळतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तिसरा दोघांसाठी. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो, आणि ऑक्सिजन नसतो. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के, १९.५ च्या खाली गेला की आत उतरायचं नाही. फार कमी ऑक्सिजनच्या हवेत एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

मैलाटाकीत किंवा गटारात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंदच आहे. टँकरवाला "दोन मिनिटांचं काम आहे, पोरगं उतरेल" म्हणाला तर परत पाठवा. सोसायटीच्या सेक्रेटरीने हे त्याच्या तोंडावर सांगायला हवं.

तरीही कोणी पडलंच, तर:

१. उतरू नका, वाकू नका. दुसऱ्यालाही धरून ठेवा. भाऊ किंवा बाप असेल तर खरोखर दोघांनी धरावं लागतं.

२. १०१ ला सांगा, "माणूस टाकीत आहे." या शब्दांवर ते श्वसनसंच आणि दोरखंड घेऊन निघतात.

३. त्याच्या अंगाला आधीच दोरी बांधलेली असेल तर वरून ओढा. आत उतरणाऱ्याच्या अंगावर पट्टा आणि दोरी हवीच ती यासाठी.

४. सगळी झाकणं उघडा, ब्लोअर असेल तर ताजी हवा आत सोडा. साधा टेबलफॅन नको, मिथेनमध्ये तोही ठिणगी. शुद्ध ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडायचा नाही, आग भडकते.

कंपनीत गॅस मीटर असेल तर मोजण्याचा क्रम पाळा: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ऑक्सिजन कमी असेल तर ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर खोटं कमी दाखवतो. मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजा, प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत. पडद्यावर एलईएल १० दिसलं म्हणजे हवेत १० टक्के गॅस नव्हे. एलईएल म्हणजे गॅस पेटण्याची किमान पातळी, हा तिचा दहावा हिस्सा. त्याच्या वर गेलं की सगळे बाहेर. आणि नेहमीच्या चार गॅसांच्या मीटरला क्लोरीन किंवा अमोनिया कळत नाही. तिथे तो निवांत शून्य दाखवत बसतो.

तपासा: तोंडावरचा फिल्टर मास्क ऑक्सिजन तयार करत नाही. कमी ऑक्सिजनच्या जागी पाठीवरच्या टाकीचाच संच लागतो.

टप्पा ७: गॅस पेटला असेल तर

गळती बंद करता येत नसेल तर ज्योत विझवू नका. ज्योत गेली तरी गॅस येतच राहतो, खोलीभर साचतो आणि पुढच्या ठिणगीला एकदम पेटतो. सिलिंडरच्या तोंडाशी छोटी ज्योत असेल तर जाड ओलं पोतं टाकून लगेच रेग्युलेटर बंद करता येतो, पण ज्याने हे आधी हाताने केलंय त्यानेच. बाकीच्यांनी बाहेर पडावं. आगीत सापडलेल्या टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हची शिट्टी चढत गेली किंवा टाकीचा रंग बदलला तर ती फुटायच्या बेतात आहे. फोन, पाकीट, गाडी, काहीही आणायला वळू नका.

टप्पा ८: बाहेर काढलेल्या माणसाचं काय

मोकळ्या हवेत न्या आणि १०८ लावा. श्वास नसेल आणि तुम्हाला सीपीआर येत असेल तर सुरू करा. सल्फाइडच्या रुग्णाला तोंडाने श्वास देऊ नका, फक्त छाती दाबा. रसायन लागलेले कपडे काढा. डोळ्यांत अमोनिया गेला असेल तर किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, पापण्या बोटांनी उघड्या धरून. दोन मिनिटांत 'आता बरं वाटतंय' म्हणून थांबायचं नाही. द्रव गॅस लागून कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, कोमट पाण्याने सुटू द्या.

दोन गोष्टींत डॉक्टरांकडे नेताना बोलून दाखवावं लागतं. कार्बन मोनॉक्साइड असेल तर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो, कारण रक्तात ऑक्सिजन आहे की कार्बन मोनॉक्साइड, हा फरक त्याला कळत नाही. "गॅस गीझर चालू होता" हे वाक्य डॉक्टरांना आपणहून सांगा. क्लोरीन छातीत गेला असेल तर फुप्फुसांत पाणी काही तासांनीही भरू शकतं. संध्याकाळी ठणठणीत दिसणारा माणूस रात्री धापा टाकतो, म्हणून पहिले २४ तास नजरेखाली.

टप्पा ९: परत आत कधी

'वास गेला' हा निकष नाही. दल किंवा गॅस कंपनीचा माणूस मीटरने मोजून हो म्हणेल तेव्हा. तोपर्यंत 'दूध उतू जाईल' म्हणूनही कोणी वर जात नाही. एका ड्रिलमध्ये एक आजी खरंच निघाल्या होत्या.

पाइप गॅसचा इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह सोसायटीने स्वतः परत उघडायचा नाही. मधल्या वेळात कोणाच्या तरी शेगडीचं बटण चालूच राहिलेलं असतं, ज्योत विझलेली असते आणि घराला कुलूप असतं. कंपनीचा माणूस घरोघरची बटणं बंद असल्याची खात्री करून मगच पुरवठा सुरू करतो. सिलिंडरची गळती असेल तर साबणाच्या पाण्याने नळी, रेग्युलेटर आणि तोंड तपासून बुडबुडे येत नाहीत हे बघा. काडी पेटवून तपासणारे अजूनही भेटतात.

पार्किंग शेवटी मोकळं करा, मीटर जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून. लिफ्ट सर्वांत शेवटी, तीही खड्ड्यातला आकडा शून्य आल्यावर.